दुलई बाद

देवासच्या आमच्या मंडळाने एकदा गणपतीत मराठी निबंधस्पर्धा ठेवली, तेव्हा मुलं कमी आणि परीक्षक जास्त आले. पुढच्या खेपेला कथाकथन ठेवलं, तर आया मुलांना दारात सोडून भाजी घ्यायला गेल्या आणि मुलं मागच्या दाराने त्यांच्या मागोमाग गेली. मग विद्युल्लताबाई पोतनीस यांनी डोकं चालवलं. फ्लेक्सवर ठळक अक्षरांत 'इंग्लिश वर्ड पॉवर' छापून घेतलं आणि त्याखाली, चष्मा लावून वाचावं लागेल अशा टाइपात, 'अर्थ मराठीत सांगणे आवश्यक'. त्या वर्षी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मराठीसाठी आमची माणसं जिना चढत नाहीत. इंग्रजीसाठी टेकडी चढतील.

खेळ सोपा होता. पितळी डब्यात चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजीची दोन अक्षरं. मुलाने चिठ्ठी उचलायची, ती अक्षरं लागोपाठ येतात असा इंग्रजी शब्द सांगायचा, आणि लगेच त्याचा अर्थ मराठीत. अर्थ हिंदीत आला की बाद, आणि तोच शब्द पुढच्याकडे. इंग्रजी शब्द मुलं धडाधड सांगत. अडत ती मराठीपाशी. सी-के आलं की 'लॉक' तयार असे, पण तोंडातून 'ताला' निघे आणि कुलूप आठवेपर्यंत पुढचा ते घेऊन गेलेला असे. डब्ल्यू-एलला एकाने 'आऊल' म्हणून 'उल्लू' सांगितलं, आणि घुबड कोणालाच आठवेना, तेव्हा ओळीने सगळी मुलं बसत गेली. आयांनी पदराआड हसून घेतलं. त्यातल्या निम्म्यांनाही घुबड आठवलेलं नव्हतं.

विद्युल्लताबाई म्हणजे सतवासच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं देवासच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या गादीच्या, दरबारातलं. पोतनिशी, म्हणजे खजिन्याचं काम, जाऊन पिढ्या लोटल्या, पण समोरच्याचं बोलणं तपासून मगच मान्य करायची सवय राहिली. भाजीवाला 'धनिया' म्हणाला की 'कोथिंबीर' असं म्हणून मगच त्या पिशवी पुढे करत. भाजीवाला मालवी, त्याचा काय गुन्हा? पण आता तोही त्यांना लांबून पाहिलं की 'कोथिंबीर ताजी है, मॅडम' अशी हाक देतो. मंडळात कुणाच्या तोंडून 'चावी' किंवा 'सब्जी' निघाली तर बाई काही बोलत नसत, नुसत्या बघत. तेवढं पुरे होई.

स्पर्धा देवास आणि धार या दोन्ही मंडळांची. एका वर्षी स्पर्धा देवासला आणि बक्षीससमारंभ धारला, पुढच्या वर्षी उलट. यामागे काही थोर विचार असेल असं कुणाला वाटेल. तर कधीकाळी जेवण कुणी कुणाला जास्त घातलं यावरून झालेल्या भांडणातून ही वाटणी निघाली आहे. यंदा मात्र शील्डपेक्षा मोठी गोष्ट होती. पहिल्या आलेल्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या मराठी शिबिराला पाठवायचं ठरलं होतं. आठवडाभर तिथेच राहणं, नाटक, किल्ला, सगळं. दोन्ही मंडळं मिळून एकच जागा.

शेवटच्या फेरीत दोन मुली उरल्या. एक धारची अंकिता बगाडे. वडील भूपेंद्र शिंपीकाम करतात, शाळांचे गणवेश शिवतात. त्यांचे पूर्वज इथल्या पवार राजांबरोबर महाराष्ट्रातून आले असं ते सांगतात. पवारांबरोबर आलो असं आमच्याकडे सगळेच सांगतात, पण बगाडे निदान पवारांचे अंगरखे शिवायला आले असं स्पष्ट सांगतात. त्यांच्या घरात महाराष्ट्र पाहिलेला एकही माणूस नव्हता. शिर्डीला जायचं ठरून ऐन वेळी राहिलं, ते राहिलंच. दुसरी मुलगी श्रिया, विद्युल्लताबाईंची नात. तिची आत्या पुण्याला असते. श्रिया दर उन्हाळ्यात तिकडे जाते आणि परत येऊन 'बोअर होतं' म्हणते.

नात स्पर्धेत असताना आजी परीक्षक कशी, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर तो बाईंनाही पडला होता. त्यांनी अध्यक्ष नारायणरावांपुढे बाजूला होण्याची तयारी दाखवली होती. फक्त ती अशा सुरात दाखवली की ऐकणाऱ्याला 'छे छे, भलतंच काय' याशिवाय दुसरं काही म्हणता येऊ नये. नारायणराव तेच म्हणाले.

अंकिता सबंध दिवस सुरेख खेळली होती. एम-बीला तिने 'कोम' म्हणून 'फणी' सांगितलं. बाकीची मुलं 'कंघी'तच अडकली असती. बाईंनी माईकवरून कौतुक केलं, हा शब्द आज किती घरांत ऐकू येतो, असं म्हणाल्या. गुणांत ती श्रियाच्या थोडी पुढेच होती.

तिच्या हाती एल-टी आलं. 'सॉल्ट' म्हणून मीठ सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पण लांब शब्दाला गुण जास्त, आणि मुलगी शिंप्याच्या घरची. ती म्हणाली, "क्विल्ट," आणि श्वासही न घेता, "दुलई."

बाईंच्या तोंडाशी 'बरोबर' आलेलं होतं. दुलई हा शब्द त्यांना नवा नव्हता. त्यांच्या माहेरी त्या वस्तूला दुसरं नावच नव्हतं. थंडी यायच्या आत आई म्हणायची, दुलया उन्हात घाला. आजही श्रियाच्या अंगावर पहाटे त्या जे ओढतात, त्याला त्या दुलईच म्हणतात. पण 'बरोबर' बाहेर पडण्याच्या आत त्यांची नजर अंकिताशेजारच्या खुर्चीकडे गेली. श्रिया ओठ आवळून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. हा शब्द अंकिताला मिळाला की खेळ संपला. नाही मिळाला तर तो श्रियाकडे.

"दुलई हिंदी झालं," बाई माईकवर म्हणाल्या. "बाद."

अंकिता जराशी उभीच राहिली. तिने मागे वडिलांकडे पाहिलं, मग 'सॉरी मॅडम' म्हणून बसली. श्रिया उठली आणि म्हणाली, क्विल्ट म्हणजे रजई. बाई म्हणाल्या, बरोबर.

आता रजई कुठून आली ते धारच्या कुठल्याही गादीवाल्याला विचारा. त्याच्या पाटीवर 'रजाई-गद्दे' असंच रंगवलेलं असतं. दुलई हिंदी म्हणून बाद आणि रजई मराठी म्हणून पास, हे त्या सभागृहात बसलेल्या एखाद्याला तरी खटकायला हवं होतं. पण बाईंनी म्हटलं की आमच्याकडे ते तसंच असतं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात भूपेंद्र बगाडे वाजवत होते. पोरगी दुसरी आली होती, त्यांना तेवढ्याचाच केवढा आनंद.

घरी आल्यावर बाईंनी हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि मनाला समजावलं की माणूस आहे, चूक होते. हे समजावणं जेवणापर्यंत टिकलं. जेवताना श्रिया फार खुशीत होती. सून वाढत होती, मुलगा फोनवर पुण्याच्या बहिणीला बातमी देत होता. तेवढ्यात श्रिया आजीकडे वाकून हळूच म्हणाली, "आजी, थँक्यू हं."

"कशाबद्दल?"

"तू हिंट दिलीस ना. मी पण दुलईच म्हणणार होते. मग तू त्याला हिंदी म्हणालीस, तेव्हा मला कळलं की घरचा शब्द नाही सांगायचा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर रागावता आलं असतं. तिथे नुसती कृतज्ञता होती, आणि थोडा अभिमान, की आजीची खूण आपण किती पटकन ओळखली. चूक झाली असं बाई सबंध संध्याकाळ स्वतःला सांगत होत्या. ती चूक नव्हती हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस आभार मानत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड शब्दकोश काढला. लोक शब्दकोशात शब्द शोधायला जातात. बाई तो सापडू नये म्हणून गेल्या. सापडला. दुलई, नीट, आपल्या जागी, जुन्या ओव्यांतल्या उदाहरणासकट. मग त्यांनी रजई उघडून पाहिली, निदान ती तरी अस्सल निघावी म्हणून. ती बाहेरून आलेली निघाली. बाईंनी कोश मिटला, परत उघडला, पुन्हा मिटला. असल्या कामाला कोशाची गरज नसते. ज्याला उत्तर ठाऊक असतं तोच इतक्यांदा पान उलटतो.

मग त्यांनी नारायणरावांना फोन केला. सरळ बोलण्याचं धैर्य अजून आलेलं नव्हतं, म्हणून दरबारी खलित्याच्या भाषेत बोलल्या: एका शब्दाच्या बाबतीत शंका उपस्थित झाली आहे, कार्यकारिणीने फेरविचार करावा असं वाटतं. नारायणरावांनी विचारलं, शंका कुणी उपस्थित केली? बाई म्हणाल्या, मीच. नारायणराव हसले. तक्रार नाही, अर्ज नाही, धारवाले खूश, आणि बाई उगीच स्वतःची झोप घालवताहेत. शिवाय परीक्षकांचा निर्णय अंतिम, हे फ्लेक्सवरच छापलं होतं. पुण्याला नाव समारंभानंतर कळवायचं, तेवढं एक काम उरलं होतं. ते श्रियाचं कळवू. बाईंनी फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, याचा त्यांना रागही आला.

समारंभाच्या आधीच्या गुरुवारी त्या धारला निघाल्या. घरी सांगितलं, समारंभाची तयारी बघून येते. इंदूरला बस बदलून उन्हाच्या वेळी पोचल्या. वाटेत काय बोलायचं ते त्यांनी तऱ्हेतऱ्हेने जुळवलं. प्रत्येक जुळवणीत त्यांचा दोष थोडा कमी होत गेला. घाटाबिल्लोदपर्यंत तर तो नियमाचाच दोष झाला होता.

बगाड्यांचं दुकान पुढे आणि घर मागे. गणवेशांच्या निळ्या कापडाच्या ताग्यांमधून वाट काढत बाई आत गेल्या, तेव्हा भूपेंद्र शिलाईयंत्रावरून उठून उभेच राहिले. त्यांच्या आई, नर्मदाबाई, जमिनीवर कापड पसरून त्याच्या काठाला मगजीची पट्टी लावत होत्या. त्यांनी सुई कापडात खोवली, स्टूल पुसलं, पुन्हा पुसलं. पोतनिसांची बाई आपल्या घरी आली, हे त्यांना खरंच वाटेना. अंकिताला हाक गेली, पोहे आले, पोह्यांवर शेव आली, आणि बाईंना तोंड उघडायला जागाच मिळेना.

बोलत होत्या नर्मदाबाईच, आणि त्या माफी मागत होत्या. म्हणाल्या, आमची बोली बिघडलेली, इकडे मालवी, तिकडे हिंदी, त्यात पोरगी बिचारी काय करणार. सासूबाईंपासून घरात जे ऐकलं तेच तिच्या तोंडी बसलं. पण आता अंकिता हुशार झाली आहे. कुणी दुलई म्हटलं की टोकते. काल भूपेंद्रला टोकलं. "आणि मी," नर्मदाबाई पसरलेल्या कापडाकडे बोट दाखवून हसल्या, "ही शिवताना मनात म्हणते, रजई, रजई. जिभेला वळण नाही अजून. या वयात जरा टाइम लागणार, बाईसाहेब."

अंकिता पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने मान हलवली, आजीचा उच्चार बरोबर आला म्हणून.

बाई तिथे एक शब्द परत करायला आल्या होत्या. तो या घरातून जवळजवळ गेलेलाच आहे, आणि आपण एकदाच 'बाद' म्हटल्याने गेला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. पिढ्या न् पिढ्या टिकलेली वस्तू मोडायला किती थोडं लागतं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या की दुलई मराठीच आहे, कोशात आहे, निर्णय चुकला.

त्यावर बगाड्यांच्या घरात जो काही आदर उरला होता तोही बाहेर आला. भूपेंद्रांनी हात जोडले. "मॅडम, ये आपका बडप्पन है," ते म्हणाले, आणि लगेच आठवून मराठीत आले, "तुमचं मन मोठं आहे." नर्मदाबाईंचे डोळे भरले. पोरीचं मन राखायला एवढ्या लांबून आलात, असं कोण करतं आजकाल. त्यांनी अंकिताला म्हटलं, बघ, शिकलेली माणसं कशी असतात, पाया पड. अंकिता वाकली.

बाईंनी पाय मागे घेतले. घेताना स्टूल करकरलं.

"पाया नको पडूस," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं."

कुणालाच कळलं नाही. बाईंना पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी वाटेत जुळवलेलं काहीच उपयोगी पडलं नाही. दुलई मराठी आहे हे मला तिथे, माईकसमोर ठाऊक होतं. आमच्या घरीही दुलईच म्हणतात. शब्द बाद केला, कारण पुढची पाळी माझ्या नातीची होती.

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, 'भिया, पँट हो गई?' विचारत होतं. भूपेंद्र बाहेर गेले नाहीत. अंकिता हळूच दोन पावलं मागे सरून आजीच्या पाठीशी गेली. नर्मदाबाई बाईंकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते पाहुणचाराचं हसू एकदम गेलं नाही. कापडातून दोरा ओढावा तसं हळूहळू निघून गेलं. आणि ते गेल्यावर दिसलं की ही बाई विद्युल्लताबाईंच्याच वयाची आहे, आणि मुळीच साधीभोळी नाही.

"मग इथे का सांगता?" नर्मदाबाईंनी विचारलं. 'बाईसाहेब' गळून पडलं होतं. "दुलई म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच होतं. भोंग्यावर बोललात ना? मग सांगायचं तर भोंग्यावर सांगा."

विद्युल्लताबाईंनी मान हलवली. निघताना कुणी 'बसा' म्हटलं नाही, 'परत या'ही म्हटलं नाही. दुकानात गिऱ्हाईक अजून उभं होतं. त्याने मात्र सरकून वाट दिली.

परतीच्या बसमध्ये त्यांना एकच विचार होता, श्रियाला हे कसं सांगायचं. शुक्रवार गेला. शनिवारी श्रिया पुण्याला नेण्याच्या वस्तू पलंगावर मांडून बसली होती. दिवाळीला अजून अवकाश होता, तरी स्वेटर बाहेर निघालं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या, स्वेटरची घडी नीट करून दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सांगू, उद्या गाडीत सांगू. उद्या गाडीत नारायणराव होते, त्यांच्यासमोर कसं सांगणार. मग सभागृहात पोचल्यावर. तिथे तर श्रियाला मैत्रिणींनी घेरलं. माणसाला टाळायचं असलं की कारणं आपण होऊन रांग लावतात.

नारायणरावांना मात्र बाईंनी मंचामागे गाठून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण मंडळं चालवून चालवून ते मुरलेले होते. घटकाभरात त्यांनी तोडगा काढला. अंकितालाही एक खास प्रमाणपत्र देऊ, 'उत्तेजनार्थ'. पुढच्या वर्षी पुण्याला तिचा विचार करू. आज कशाला? लोक जेवायला आलेत, बाई. देवासची शोभा होईल, धारवाले वर्षभर बोलतील.

"बोलू देत," बाई म्हणाल्या. "मला फक्त माईक द्या."

माईक मिळाला. सभागृह भरलेलं होतं; वरणाला फोडणी दिल्याचा वास खिडकीतून येत होता, त्यामुळे लोकांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. भूपेंद्र आणि अंकिता मागच्या रांगेत बसले होते, आणि नर्मदाबाई त्या दोघांच्या मधे. पहिल्या रांगेत श्रिया, नवा फ्रॉक घालून.

बाईंनी सुरुवात केली की दुलई हा शब्द मराठी आहे आणि निर्णय बदलायला हवा. एवढ्यावरच टाळ्या सुरू झाल्या. बगाड्यांच्या घरात झालं तेच इथे होत होतं; लोक त्यांच्या थोरवीला दाद देत होते. कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालंही, याला म्हणतात संस्कार. बाईंनी हात वर केला आणि टाळ्या थांबेपर्यंत तो खाली घेतला नाही.

"ही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "चूक नकळत होते. मला त्या क्षणी ठाऊक होतं की अंकिता बरोबर आहे. पुढची पाळी माझ्या नातीची होती, म्हणून मी तिला बाद केलं."

आता टाळ्या नव्हत्या. स्वयंपाकघरात झारा पातेल्यावर आपटला, तो सगळ्यांनी ऐकला. देवासच्या मंडळींनी खाली बघितलं. धारच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं, आणि वर्षभर बोलायचं काय ते त्यांचं तिथेच ठरलं. बाईंनी आणखी एक वाक्य जोडलं: यात श्रियाचा काही दोष नाही. ते त्यांनी चांगल्या मनाने जोडलं, पण सगळं सभागृह श्रियाकडे वळून पाहू लागलं ते त्याच वाक्याने.

श्रियाला हे असं, सर्वांसमोर, सर्वांबरोबरच कळलं. तिच्या बाजूच्या मैत्रिणीने तिचा हात धरला होता, तो तिने सोडवून घेतला. ती रडली नाही. स्पर्धेच्या दिवशीच हाती आलेलं आणि आज मिरवायला आणलेलं शील्ड मांडीवरून उचलून तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, पालथं, आणि समोर बघत बसली. बाई मंचावरून बघत होत्या. एक अपराध त्यांनी आत्ता कबूल केला होता. दुसरा, पोरीला आधी न सांगण्याचा, त्याच वेळी करूनही झाला होता.

नारायणरावांनी घसा साफ करून अंकिता बगाडे हे नाव पुकारलं, आणि पुण्याला तेच नाव जाईल असंही सांगितलं. ती आली. आमच्याकडे बक्षीस घेताना मंचावरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना ओळीने वाकून नमस्कार करायची पद्धत आहे. अंकिताने ती पाळली. नारायणराव, धारचे अध्यक्ष, त्यांच्या पत्नी. विद्युल्लताबाईंपाशी आल्यावर ती थांबली, हात जोडले आणि वाकल्याविना पुढे गेली. मागच्या रांगेत नर्मदाबाईंनी नातीला काही खूण केली नाही. भूपेंद्र टाळ्या वाजवत होते, पण त्या दिवसासारख्या जोरात नाही. आपल्या पोरीचं जे होतं तेच परत मिळालंय, तर किती जोरात वाजवाव्यात, हे बहुतेक त्यांना ठरवता येत नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत बाईंच्या दोन्ही बाजूंचे पाट बराच वेळ रिकामे राहिले. मग एका बाजूला धारची एक म्हातारी येऊन बसली आणि तिने भात कालवता कालवता विचारलं, तुमच्याकडे दुलईला कापूस किती घालतात. बाईंनी सांगितलं. दुसरा विषय निघाला नाही.

परत निघताना गाडीत नारायणराव सवयीने ड्रायव्हरशेजारी बसायला गेले, तर तिथे श्रिया आधीच बसलेली होती. ते मागे बाईंशेजारी येऊन बसले. गाडी धारच्या बाहेर पडली. श्रियाने मागे वळून पाहिलं नाही. तिने ड्रायव्हरशी बोलायला सुरुवात केली. भैया, ये गाडी कितने का एव्हरेज देती है. भैया, रास्ते में कहीं चाय रुकेंगे क्या. भैया, मेरे को तो पूना जाना ही नहीं था, वहाँ क्या रखा है. एरवी आजीसमोर तिच्या तोंडून एक हिंदी शब्द निघाला असता तर बाईंची नजर पुरेशी होती. आज ती मुद्दाम, मोठ्याने, एकामागून एक वाक्य टाकत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर किंचित थांबत होती, मागून कुणी टोकतंय का ते ऐकायला.

नारायणरावांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बेटमा गेलं. श्रियाने ड्रायव्हरला विचारलं की ठंड में वो क्या ओढते हैं उसको, भैया, आपके यहाँ क्या बोलते हैं. ड्रायव्हर हसला, म्हणाला, जो मिल जाए वो ओढ लेते हैं, बेटा.

श्रिया थांबली. मागून कुणी काही बोललं नाही. मग ती पुन्हा बोलू लागली, हिंदीतच, आता जरा हळू.